गणपतीला ईमेल

व्हेकेशन बॅच सुटली की सृष्टी घरी जायचीच नाही. खडकीहून बस पकडायची आणि थेट नारायण पेठेत उतरायची, कारण तिथे तिच्या चुलतभावाची, अभिनवदादाची कंपनी होती. कंपनी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि खडखडणारा एक पंखा. दादा लोकांना वेबसाइट करून द्यायचा. सृष्टी फोटो स्कॅन करायची. सुपारीचे भटजी, काजूचे मोर, लोकरीची तुळस, मण्यांची पालखी, काय वाट्टेल ते. हा सगळा सुशीलाकाकूंचा माल. लग्नात मुलीकडचे जे रुखवत मांडतात ते काकू घरी करून विकायच्या, आणि आता मुली आयटीवाल्यांशी लग्न करून अमेरिकेला निघाल्यामुळे त्यांच्या आयांना ते ईमेलवरून मागवायचं होतं.

वेबसाइट झाली. आता काकूंना दर महिन्याला सगळ्या गिऱ्हाइकांना ईमेलने बातमीपत्र पाठवायचं होतं.

"ते मी करणार," सृष्टीने जाहीर केलं.

"तुला येतं?"

"येईल की. तुला तरी कुठे जन्मतः येत होतं?"

दादाने खुर्ची तिच्याकडे फिरवली. "बरं, कर. काकू खूश झाल्या तर बातमीपत्र कायमचं तुझं. नाही झाल्या तर दहावी संपेपर्यंत स्कॅनर सोडून कशाला हात लावायचा नाही."

सृष्टीला रात्री स्वप्नातसुद्धा बातमीपत्र दिसलं. वरती गुलाबी पट्टी, तिच्यात चमचमणारे तारे.

दुसऱ्या दिवशी काकू जिना चढून, धापा टाकत आल्या. पत्र बघितलं. तारे चालतील म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पहिलं कुणाला जाणार?"

"सगळ्यांना एकदम," दादा म्हणाला.

"असं कसं? पहिलं गणपतीला. कसब्यातल्या गणपतीपुढे ठेवल्याशिवाय मी आजवर कुणाला बोलावणं धाडलेलं नाही."

दादा हसला. तिथेच चुकलं त्याचं. "काकू, गणपतीला ईमेल नसतो हो."

"मग तुमच्या कॉम्प्युटरला नेमकं काय येतं?" काकूंनी अगदी शांतपणे विचारलं आणि पर्स उचलली.

पर्स उचलली म्हणजे संपलंच की. गुलाबी पट्टी गेली, तारे गेले. सृष्टी खुर्चीतून उठलीच. "काकू, बसा ना. मी काढून देते त्याला."

आणि तिने खरंच काढला. काकूंच्याच वेबसाइटवर, गणपतीच्या नावाचा, खराखुरा पत्ता.

"पासवर्ड काय ठेवलास?" दादाने हळूच विचारलं.

"मोदक."

"अगं, कुणीही ओळखेल."

"गणपतीची मेल चोरायची हिंमत कुणाची आहे?"

पहिलं पत्र गणपतीला एकट्याला गेलं. काकूंनी पडद्याला हात जोडले आणि समाधानाने जिना उतरल्या.

इथे थांबली असती तर काही झालं नसतं. पण सृष्टी त्या दिवसांत कुठेच थांबत नव्हती. बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी तिने एक ग्रुप केला. ग्रुपला एकच पत्ता, त्या पत्त्यावर काहीही टाकलं की ते आतल्या सगळ्यांना मिळणार. दादाने बजावलं होतं, की ग्रुपमध्ये फक्त काकूंनाच लिहिता येईल असं कर. पण बाकीच्या बिचाऱ्यांनी मग काय नुसतं ऐकायचं? तिने सगळ्यांना लिहायची मुभा दिली. दर महिन्याचं पत्र मिळावं म्हणून गणपतीलाही ग्रुपमध्ये घेतलं. आणि काकूंना गंमत वाटावी म्हणून गणपतीच्या पत्त्यावर एक आपोआप जाणारं उत्तर बसवलं. त्याला कुणीही लिहिलं की लगेच परत यायचं: 'आमंत्रण पोचलं. मी नक्की येतो. तुमचा, गणपती.'

मग तिने सगळ्यांना पत्र पाठवलं आणि खुर्चीत गोल गोल फिरली.

पत्र ग्रुपमधून गणपतीलाही गेलं. गणपतीने ग्रुपला उत्तर दिलं, म्हणजे सगळ्यांनाच. त्या सगळ्यांत गणपतीही होता. आपलंच पत्र आलेलं पाहून त्याने पुन्हा कळवलं, मी नक्की येतो. ते पुन्हा सगळ्यांना, पुन्हा त्याला. सृष्टी फिरायची थांबली तेव्हा पडदा वरपासून खालपर्यंत गणपतीने भरलेला होता, आणि खालून आणखी येत होता.

"दादा," ती म्हणाली, "तो ऐकत नाहीये."

मधूनमधून माणसंही लिहीत होती. कोथरूडच्या एका गृहस्थांनी सगळ्यांना कळवलं, "येतोय हे समजलं. किती जण येताय तेवढं सांगा, म्हणजे पानं मांडायला बरं." नाशिकच्या बाईंनी लिहिलं, "आमच्या जावयापेक्षा बरा, हा निदान कळवतो तरी." सृष्टीला रडूही येत होतं आणि हसूही. दोन्ही एकदम आलं की नाकातून आवाज येतो, तसा आला.

दादाने गणपतीला ग्रुपमधून काढलं तेव्हा कुठे पडदा शांत झाला. लगेच फोन वाजला. काकू होत्या. "तिला तिथेच बसव. मी येते."

जिन्यावर चपला वाजल्या. दादाच आधी बोलला. "काकू, लहान आहे ती. यापुढे सगळं मी स्वतः..."

"मी केलं," सृष्टी मधेच म्हणाली. आवाज कसा कोण जाणे, खणखणीत निघाला. "उत्तर मीच लिहिलं आणि ग्रुपही मीच मोकळा ठेवला. दादाने नको म्हटलं होतं."

काकूंनी पर्स टेबलावर ठेवली. "गणपतीला बोलावणं द्यायचं असतं गं. त्याच्या वतीने उत्तर द्यायची टाप आमच्या घरात कुणाची नव्हती."

"ते उत्तर काढून टाकलंय."

"आणि माफीचं पत्र?"

"आत्ता लिहिते. तुम्ही सांगा."

काकू बसल्या आणि सांगू लागल्या. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष, आमच्या कै. सासूबाईंनी हा व्यवसाय सुरू केला तेव्हापासून... सृष्टीची बोटं चालत होती. मग ती थांबली. बोलू नये हे तिला कळत होतं. बोलली.

"काकू, हे कुणी वाचणार नाही. फार लांब होतंय."

दादाने डोळे मिटले.

काकूंनी चष्मा लावला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. "काय काढायचं म्हणतेस?"

"पहिल्या सहा ओळी."

"त्यात सासूबाई आहेत."

"त्यांना शेवटी घेऊ. सही करताना."

"जन्मभर पुढे पुढे केलं त्यांनी," काकू विचार करत म्हणाल्या. "घे शेवटी. आणि पुढच्या महिन्याचं काय लिहायचं तेही आजच ठरवून टाकू. तुझ्यासाठी सारखे सारखे जिने चढायला मी काही सोळा वर्षांची नाही."