रविवारी तीन वाजताचा चहा

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो. बाहेरून पोचे पडलेले पोलाद, आत काचेचा फुगा, डोक्यावर दाबायचे बटण. माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला आणि पहिली काही वर्षे मी एका कचेरीच्या बैठकांत कॉफी दिली. तिथे मला कोणी नावाजले नाही की हिणवले नाही. कचेरीत नवे यंत्र आले, तेव्हा मी ब्राउनश्वाइगच्या जुन्या बाजारात वापरलेल्या बुटांशेजारी येऊन बसलो.

तिथून मला ऊर्मिलाकाकूंनी उचलले.

"अहो, हा घेऊ या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "वीस कप तरी मावतील."

"आपण दोघंच तर आहोत," विलासकाका म्हणाले.

"आज दोघं आहोत."

ते २००३ साल होते. काका मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीत ते उपदेश करत आणि काकू गीते बसवत. जर्मनीत आल्यापासून दोघांच्या मनात एकच होते: इथे मराठीत उपासना सुरू करायची. जर्मन उपासना त्यांना समजत असे, पण ती काळजापर्यंत पोहोचत नसे. घराजवळच्या चर्चच्या मागे एक छोटे सभागृह होते. पाळकबाई फ्राउ ब्रेमर यांनी ते रविवारी दुपारी द्यायचे कबूल केले. छताची दुरुस्ती तेवढी व्हायची होती.

"ईस्टरनंतर," त्या म्हणाल्या.

ईस्टर आला आणि गेला. मग उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. मग नाताळनंतर. छतावरची ताडपत्री तशीच राहिली.

काकूंनी स्वयंपाकघरातच सुरुवात केली. रविवारी तीन वाजता त्या आले ठेचून चहा करत आणि मला गळ्यापर्यंत भरत. शरदात विद्यापीठातली मुले यायची, गीते म्हणायची, पोहे खायची. पुढे परीक्षा, नोकरी, दुसरे शहर. हिवाळ्यात कित्येक रविवारी कोणीच येत नसे. दोघेच गीत म्हणत, बायबलमधला शास्त्रपाठ वाचत. मग काकू माझ्यातला सगळा चहा मोरीत ओतत. भरलेले भांडे कुणाच्याही उपयोगी न पडता रिकामे होते, तेव्हा त्याला काय वाटते, ते मी तेव्हा जाणले.

"ऊर्मिला, देवालाच हे नको असेल तर?" एकदा काकांनी विचारले.

काकू बराच वेळ कप पुसत राहिल्या. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या रविवारी कुणी आलं आणि दार बंद असलं, तर ते मला सोसणार नाही."

त्याच वर्षी कपिल नावाचा तरुण दारात आला. तो राहायचा आमच्याच शहरात, नोकरी शेजारच्या वोल्फ्सबुर्गला करायचा. काकूंशी त्याची ट्राममध्ये नुसती तोंडओळख होती. त्याच्या बायकोचे, कादंबरीचे, बाळ पोटातच गेले होते.

"ती कुणाशी बोलतच नाहीये, काकू," तो म्हणाला. "तुम्ही याल?"

काकू मला घेऊन इस्पितळात गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या, त्यानंतरही जात राहिल्या. त्यांनी उपदेश केला नाही. कादंबरीचे केस विंचरले, कप भरला, शेजारी बसल्या. एका दुपारी कादंबरी भिंतीकडे पाहतच म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करता ना?"

"करते."

"मग मला ऐकू येईल अशी करा."

काकूंनी तिचा हात धरून साध्या मराठीत प्रार्थना केली. त्या दिवशी कादंबरी पहिल्यांदा रडली. पुढे ती रविवारी येऊ लागली. ती हिंदू होती, हिंदूच राहिली. गीते चालू असताना ती डोळे मिटून गप्प बसे.

२००६ मध्ये फ्राउ ब्रेमर स्वतः घरी आल्या. दुरुस्ती होणार नव्हती; सभागृह विकायचे ठरले होते. "मला फार वाईट वाटतं," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. त्यांचा चहा कपातच निवला. काका त्यांना फाटकापर्यंत सोडून आले.

त्यापाठोपाठ काकूंचे दुखणे कळले. उपचार झाले, पण उशीर झाला होता. नोव्हेंबरात काकू गेल्या.

दफनविधीनंतर काकांनी मला तळघरात नेऊन मोटारीच्या टायरांमागे ठेवले. धुवायचे त्यांना सुचले नाही. माझ्या तळाशी चहा होता, तो आंबला, त्यावर बुरशी आली. रविवार आला की चर्चची घंटा खालपर्यंत ऐकू येई. वर कोणी गात नसे.

वसंतात दिवा लागला. कादंबरी काकांच्या मागोमाग जिना उतरत होती.

"तिचं नाव मालिनी," ती सांगत होती. "नाशिकची आहे, इथे कुणालाच ओळखत नाही. मी तिला रविवारी तीनला ये म्हटलंय."

"इथे आता काही नसतं, कादंबरी."

"आल्झो... म्हणजे, मी तर सांगून बसलेय, काका."

काकांनी माझे झाकण उघडले. त्या वासाने ते मागे सरले, आणि मग टायरांवर बसून हमसून रडले. कादंबरीने त्यांना रडू दिले. नंतर काकांनी मला वर नेले आणि व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्याने कितीतरी वेळ धुतले.

रविवारी मालिनी आली. गीताच्या दुसऱ्या कडव्याला काका अडखळले आणि त्यांना पुढे म्हणता येईना. तेव्हा कधीच न गाणाऱ्या कादंबरीने ते कडवे उचलले. ऐकून ऐकून तिला सगळे पाठ झाले होते.

आज २००९ चालू आहे. सभागृहाच्या जागी घरे झाली, खिडक्यांना पडदे लागले. आमची उपासना स्वयंपाकघरातच आहे. कधी चार माणसे येतात, कधी एकही नाही. माझ्यातही आता ऊब फार वेळ टिकत नाही. गेल्या रविवारी बर्फाने ट्राम बंद होत्या आणि कोणी आले नाही. तरी काकांनी मला पूर्ण भरले, एकट्याने गीत म्हटले, शास्त्रपाठ वाचला, स्वतःपुरता एक कप घेतला.

मित्रांनो, मला मोठे काही सांगता येत नाही. एवढेच करा: वापरलेले भांडे तसेच झाकून ठेवू नका, आत राहिलेले आंबते. ते धुवा, वाळवा, झाकण उघडे ठेवा. आणि ठरलेली वेळ आली की पुन्हा भरा, कोणी येवो न येवो.