ब्रेकच्या दिवशीचे मासे

मासेवाल्या ताई दावा जिंकल्या, तर त्यांना कायम नोकरी, भरपगारी आजारपणाची रजा आणि म्हातारपणी पेन्शन मिळणार होती. हरल्या, तर आहे तीही नोकरी जाणार होती.

नऊ वर्षं त्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. तिथल्या माशांच्या काचेच्या टाक्यांवरून मुलांनी त्यांना हे नाव पाडलेलं. शाळा मंडळ दरवर्षी त्यांना एक दिवस कामावरून कमी करायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं घ्यायचं. सेवा सलग झाली नाही, की कायम करायला नको. पण माशांना हे कोण समजावणार? त्या 'ब्रेक'च्या दिवशीही ताई यायच्या, खाणं टाकायच्या आणि टाकीजवळच्या वहीत वेळ लिहून सही करायच्या. नऊ ब्रेक, नऊ सह्या.

"फुकट राबलीस ती राबलीस, वर पुरावाही लिहून ठेवलास!" नवरा म्हणाला. "एवढी हुशार, मग माझ्याशी लग्न कसं केलंस गं?"

"तेव्हा वही नव्हती."

कामगार न्यायालयात मंडळाच्या वकिलांनी तीच वही चाळली. "हौसेनं आल्या असतील. यायला सांगितलं कुणी?"

सांगितलं होतं मुख्याध्यापिकाबाईंनी, तेही तोंडी. आता त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. हो म्हणावं, तर मंडळाचा आदेश मोडला म्हणून चौकशी. नाही म्हणावं, तर ताईंचा दावा संपला. आदल्या दिवशी बाई नुसतं "बघू हं" म्हणाल्या होत्या, आणि बाईंच्या 'बघू'तून आजवर कुणाला रजासुद्धा मिळाली नव्हती. ताई खाली फरशीकडे बघत बसल्या.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहून बाईंनी चष्मा पुसला. "मीच सांगायचे. दरवर्षी. मासे मेले असते तर तपासणीला तुमच्या मंडळानं मलाच धरलं असतं."

"म्हणजे स्वतःची कातडी वाचवायला?"

"मग काय, तुमची वाचवू?"

न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही.

ताई कायम झाल्या. बाईंची शेवटची वेतनवाढ कापली गेली, त्यामुळे पेन्शनही जन्मभरासाठी थोडी घटली. ताईंच्या पगारातला नऊ वर्षांचा फरक मंडळानं चुकता केला, पण शाळेच्या साहित्याच्या अनुदानातून. वकिलांची फीसुद्धा त्यातूनच. त्या पैशांत सहा सूक्ष्मदर्शक यायचे होते. आता जुन्या एकावर अकरा मुलं डोळा लावायला रांगेत उभी राहतात, आणि रांग लावायचं काम कायम झालेल्या ताईंकडे आहे.