इमामपूर घाटातली बंद गाडी

सूर्यभानची गाडी लष्कराच्या लिलावातली होती. एके काळी तिच्यातून जखमी शिपाई नेत असत. मागचा भाग सगळा पत्र्याचा, दोन बाजूंना लांब बाकं, आणि चालकाच्या पाठीमागे आडवी पत्र्याची भिंत. मागचं दार फक्त बाहेरून उघडायचं. घोडेगावच्या आसपासच्या वस्त्यांवर तिला सगळे 'डबा' म्हणत.

डब्यात बसलं की माणसाला मळमळतं, डोकं गरगरतं, हे वर्षभरात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. कुणी म्हणे, त्यात एखादा फौजी गेला असणार आणि तो अजून उतरलेला नाही. सूर्यभानने गाडीपुढे नारळ फोडला, लिंबू-मिरच्या बांधल्या, एका बुवाकडून चारी कोपऱ्यांत अंगारा टाकून घेतला. ओकाऱ्या काही थांबल्या नाहीत.

झुंबरबाई त्याची सख्खी आत्या. तिला हे सगळं माहीत होतं. पण पौषातल्या त्या सकाळी तिला दुसरा इलाज नव्हता. तिची लेक चांगुणा घरीच बाळंत झाली होती, आणि चौथ्या दिवसापासून तिला ताप होता. सहाव्या दिवशी ती बरळायला लागली. नगरचा दवाखाना गाठायलाच हवा होता, आणि एसटी दुपारशिवाय नव्हती.

एकाहत्तरची लढाई संपून महिनाही झाला नव्हता. विमानांना दिवे दिसू नयेत म्हणून गाडीच्या काचांना चिकटवलेले काळे कागद अजून तसेच होते. झुंबरबाईला ते बरंच वाटलं. ओल्या बाळंतिणीला वारा लागता कामा नये. तिने चांगुणाचे कान फडक्याने घट्ट बांधले, तिच्या डोक्यावरून घोंगडी घातली, पोरीला तिच्या कुशीत दिलं. मग खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या. मागच्या दाराला वीतभर झरोका होता, त्यात घडी करून गोधडी बसवली. फळ्यांच्या जमिनीला एक भोक होतं, तिथे जुन्या लुगड्याचा पांढरा तुकडा दाबला. सूर्यभानने बाहेरून कडी घातली आणि गाडी सुरू केली.

पांढरीच्या पुलापर्यंत चांगुणा बोलत होती. पाणी मागितलं, पोरीला पाजलं. मग घाट लागला, गाडी खालच्या गिअरवर कण्हत चढू लागली, आणि झुंबरबाईच्या कपाळात ठणका सुरू झाला. तिला वाटलं, तीन रात्रींचं जागरण. तिने चांगुणाला हाक मारली. चांगुणाने 'हूं' केलं. दुसऱ्या हाकेला तेही केलं नाही.

झुंबरबाई तिच्याकडे सरकली. अंधारात तिने लेकीच्या गालाला हात लावला, तो गरम होता. ताप चढला, वारा शिरला कुठून तरी, असं तिच्या मनाने घेतलं. ती फटी चाचपत गेली आणि सैल झालेल्या चिंध्या पुन्हा आत रेटल्या. स्वतःचा पदरसुद्धा फाडून एका फटीत घातला. परत बसायला वळली, तर गुडघे तिचे राहिले नव्हते. ती खालीच बसली.

पोरगी रडत नव्हती. सहा दिवसांचं लेकरू, एवढ्या खडखडाटात, आणि रडत नव्हतं.

आता तिला फौजी आठवला. समोरच्या बाकावर कुणीतरी बसलंय असं वाटू लागलं. तिने देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर जीभ जड. डोळे मिटत होते, आणि मिटले तर किती बरं वाटेल असं वाटत होतं. या वाटण्यानेच ती दचकली. ही झोप तिला ओळखीची होती.

तिच्या पहिल्या बाळंतपणात बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी होती. शेगडी ठेवली की दार बोटभर उघडं ठेवायचं, असं सासूने बजावलं होतं. तेव्हा थंडी फार होती, म्हणून तिने ते लावून घेतलं. धूर दिसत नव्हता, वासही फारसा नव्हता. अशीच ठणक, अशीच गोड गुंगी आली होती. सासूने दार ढकललं म्हणून ती वाचली.

इथे शेगडी नव्हती. पण आग होती, त्या फळ्यांच्या खाली.

तिने पत्र्यावर मुठी आपटल्या. इंजिनाच्या आवाजात सूर्यभानला काय ऐकू जाणार. उभं राहवेना, म्हणून ती बाकाला धरून रांगत मागच्या दाराकडे गेली. झरोक्यातली गोधडी तिने स्वतःच ठासून बसवली होती, ती हलेना. तिने डोकं लावून ढकललं. गोधडी सुटली, बाहेर गेली, आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या काचेवर जाऊन पडली.

ट्रकवाला हॉर्न वाजवतच राहिला, तेव्हा कुठे डबा थांबला.

दार उघडलं तेव्हा झुंबरबाईच्या हातात पोरगी होती. ती खाली उतरली नाही, घसरली. सूर्यभान आणि ट्रकवाले काकासाहेब यांनी चांगुणाला ओढून रस्त्याच्या कडेला निजवलं. घाटात वारा बोचरा होता. सूर्यभान घोंगडी घेऊन धावला, तशी झुंबरबाईने ती हिसकून फेकली. लेकीच्या कानाचं फडकं सोडलं, चोळीची गाठ सैल केली, तोंड वाऱ्याकडे वळवलं. पोरीला उघडी करून तिच्या तळपायांवर टिचक्या मारल्या. एक, दोन, किती ते तिने मोजलं नाही. पोरगी आधी आक्रसली. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि मांजराच्या पिलासारखा आवाज निघाला.

चांगुणाला डोळे उघडायला त्यानंतरही बराच वेळ लागला. उघडले आणि ती ओकली. झुंबरबाई तेव्हा रडली.

सूर्यभान म्हणाला, "आत्ये, फौजीच त्यो. सोडत न्हाई."

काकासाहेब पन्नाशीचे, ट्रकवर आयुष्य काढलेले. त्यांनी गाडीत डोकावून जमिनीच्या भोकातला लुगड्याचा तुकडा उचलला. तो काजळीने काळा झाला होता. त्यांनी सूर्यभानला इंजिन चालू ठेवायला सांगितलं, ओलं पोतं मागच्या धुराच्या नळीच्या तोंडावर दाबून धरलं, आणि त्याला खाली वाकून ऐकायला लावलं. फळ्यांच्या बरोबर खाली, सायलेन्सरच्या अलीकडे, नळी सापासारखी फुसफुसत होती.

"ह्यो बग तुजा फौजी," काकासाहेब म्हणाले. "कवापासनं सडलीय ही नळी?"

सूर्यभानला माहीत होतं. दिवाळीतच त्याने डालड्याच्या डब्याचा पत्रा तिच्यावर गुंडाळून तार आवळली होती. जोडातलं पॅकिंग जळालेलंही त्याने पाहिलं होतं. पण गाडी पळत होती, आणि धूर मागून जातोय असं दिसत होतं.

काकासाहेबांनी मायलेकींना ट्रकच्या केबिनमध्ये घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या काचा खाली ठेवून नगरला पोचवलं.

चांगुणा अकरा दिवस दवाखान्यात होती. ताप उतरला, दूध परत आलं. त्या दिवसांत सूर्यभानने नगरच्या एका मिस्त्रीकडे गाडी उभी केली. जुनी नळी हाताने चुरली इतकी सडलेली निघाली. नवी बसवली, जोडात नवं पॅकिंग घातलं, फळीवर पत्रा ठोकला. मग तो आत्याला म्हणाला, आता चल, घरी सोडतो.

झुंबरबाई मिस्त्रीच्या आवारात आली आणि एकटी गाडीभोवती फिरली. तिचा विश्वास बसेना. चांगुणा बाहेर लिंबाखाली पोरीला घेऊन बसली होती, तिच्याकडे तिने पाहिलं, आणि सूर्यभानला म्हणाली, "तू बस मागं."

"मी?"

"तूच. समदं लावून घे."

मिस्त्री हसला, पण त्याने इंजिन चालू केलं. सूर्यभान आत बसला. झुंबरबाईने स्वतः फटी आणि झरोका बुजवला, दाराला कडी घातली आणि दाराच्या पत्र्याला कान लावला. थोडा वेळ गेला. आतून काही आवाज नाही. तिने पत्र्यावर थाप मारली.

"सूर्यभान."

"हाय की."

"बोलत ऱ्हा."

"काय बोलू आता?"

"कायबी. गावं सांग. न थांबता."

"शेंडी," सूर्यभान आतून म्हणाला. "जेऊर. इमामपूर. पांढरीचा पूल. घोडेगाव."

प्रत्येक नाव ती ऐकत होती. आवाज जड होतोय का, दोन नावांमधली जागा वाढतेय का, एवढ्यावरच तिचं लक्ष होतं. तो घोडेगावला पोचला की ती त्याला परत नगरहून निघायला लावी. सातव्या फेरीला त्याचा आवाज चिडका झाला. चिडका आवाज ऐकून तिला जरा बरं वाटलं, आणि तिने त्याला आठव्यांदा शेंडीपासून सुरू करायला सांगितलं.