बांधलेली जास्वंद

सुभेदार हणमंत मोऱ्यांची बदली झाली की घर ट्रंकांत जायचं आणि त्यांच्या बायकोची, भानुमतीची, जास्वंद ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढायची. जोधपूर, सिकंदराबाद करत ती कुंडी झाशीला आली होती. भानुमतीची आई गेल्यावर तिच्या हातचं एवढंच काय ते उरलं होतं. प्रवासात फांद्या मोडू नयेत म्हणून आदल्या संध्याकाळी त्या सुतळीनं आवळून ठेवायच्या, हा भानुमतीचा शिरस्ता. पुण्याला निघतानाही तिनं तेच केलं आणि तिथंच घोळ झाला.

सकाळी पायरीवरच्या त्या कुंडीभोवती शिंपी पक्ष्याची मादी जीव तोडून ओरडत होती. अंगठ्याएवढा जीव, पण आवाज क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असा. भानुमतीनं वाकून पाहिलं. आवळलेल्या फांद्यांत दोन पानं कापसाच्या धाग्यानं एकमेकांना टाचलेली होती. त्या खिशात तीन पिल्लं होती, कालपासून उपाशी. आईला आत शिरायला वाटच नव्हती.

तिनं कात्री आणून सुतळी कापली. स्वतःचा इतका राग तिला कधीच आला नव्हता. थोड्या वेळानं शिंपीण अळी घेऊन आत शिरली, तेव्हा कुठे तिनं कात्री खाली ठेवली.

"चढवू का कुंडी?" हणमंतानं विचारलं.

"नाही. ती इथंच राहणार."

"अगं, क्वार्टर रिकामं द्यायचंय. झाडूसुद्धा मागे ठेवू देत नाहीत."

"मग मलाही इथंच ठेवा."

तेवढ्यात क्वार्टरचा ताबा घ्यायला रमाकांतजी कुलूप घेऊन आले. ते झाशीचेच. "भाभीजी, गमला हटवाओ. नियम है."

भानुमती पायरीवर फतकल मारून बसली. "एक हफ़्ता, रमाकांतजी. बच्चे उड़ जाएँ, फिर गमला आपका. तब तक न हिलाना, न छाँटना, और सुबह-शाम पानी. हाँ बोलिए, तभी उठूँगी."

रमाकांतजींनी हणमंताकडे पाहिलं, हणमंतानं आभाळाकडे. बायको हटून बसली की काय होतं, हे त्याला वीस वर्षांत चांगलं पाठ झालं होतं.

रमाकांतजी वाकले. पानांच्या आत बराच वेळ पाहत राहिले.

"नल तो आज कट जैहै," शेवटी ते आपल्या बुंदेलीत म्हणाले. "पानी हम घर से ले आहैं."

भानुमती उठली. ट्रक सुरू झाला. हणमंत हळूच म्हणाला, "आईंची आठवण आहे ती. निदान एक फांदी तरी तोडून घे. पुण्यात लावू."

तिचे डोळे भरून आले. हात पुढे गेला आणि तसाच मागे आला.

"नको," ती म्हणाली. "फांदी हलली तर टाके उसवतील."

आणि ती रिकाम्या हातांनी ट्रकमध्ये चढली.