आईला कोण बघतं

आईच्या खोलीत कॅमेरा लावायची कल्पना दादाची, आणि तिचा त्याला मनातून थोडा अभिमानही होता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो नुकताच वरच्या पदावर चढला होता. दिवसभर बैठकांचा रगाडा, आणि आईचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याने चांगल्यातला कॅमेरा आणला, कपाटावर बसवून घेतला, आणि त्या दिवसापासून आई त्याच्या खिशात राहू लागली. कुणी विचारलं, "आईला कोण बघतं हो आता?" की तो फोन काढून पुढे धरायचा आणि म्हणायचा, "मी बघतो ना." फोनवर आई पडलेली दिसायची, शेजारी एक रिकामी खुर्ची, सकाळी कामाला येणारी बाई, संध्याकाळी धाकटी बहीण. जायचं जायचं म्हणत त्याचं जाणं मात्र राहूनच जायचं. आई गेली तेही त्याने एका बैठकीत टेबलाखाली फोन धरूनच पाहिलं, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत तो जागचा हलला नाही.

धाकटी व्हिडिओतून कलाकृती करायची. खिडकीत उभी असलेली, रांगेत ताटकळलेली, आपल्याकडे कुणी बघतंय याची गंधवार्ता नसलेली माणसं ती टिपायची, आणि दादा चारचौघांत तिची ओळख 'आमची शूटिंगवाली' अशी करून द्यायचा. आईच्या खोलीतलं रोजचं चित्रण तिच्याच संगणकावर साठत गेलं होतं. वर्षभराने तिने त्याचं प्रदर्शन मांडलं आणि दादाला एका ओळीचा निरोप पाठवला: येऊन बघून जा.

रविवारच्या दुपारी तो गेला. मोठं दालन, काळ्या भिंती, मध्ये एक लांब बाक, आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर आईची खोली. आवाज नव्हता. फोनवर तळहाताएवढी दिसणारी आई इथे माणसाहून मोठी झाली होती, आणि तिच्या गालावरचा खळगासुद्धा स्पष्ट दिसत होता. खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. पाठमोरा, जाडसर बांध्याचा पुरुष. तो आईला चमच्याने काहीतरी भरवत होता, मध्येच थांबून तिची हनुवटी पुसत होता. बहिणीने एखादा मदतनीस ठेवला असेल, असं दादाला वाटलं. आपल्याला कळवलंसुद्धा नाही, असंही वाटलं.

तेवढ्यात बाकावरची एक वयस्क बाई त्याच्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते.

"तुम्हीच ना ते?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "भाग्यवान होती हो तुमची आई. आजकाल मुलं इतकं कुठे करतात?"

दादाने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. त्या माणसाने मान वळवली होती. तेच रुंद कपाळ, तीच एका बाजूला ढळलेली भुवई, विचार करताना मानेवर हात घासायची तीच सवय. अंगातला शर्ट आईनेच कधीतरी दादाला दिलेला, त्याने रंग आवडला नाही म्हणून पिशवीतून बाहेरही न काढलेला.

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण बाई त्याच्याकडे इतक्या मायेने बघत होती, आणि तसं त्याच्याकडे कितीतरी दिवसांत कुणी बघितलं नव्हतं. "हो," तो म्हणाला, "मीच." मग स्वतःलाच ऐकू गेल्यासारखा दचकला. बाईने त्याच्या हातावर थोपटलं आणि ती निघून गेली. आणखी दोघं-तिघं त्याला ओळखून जागा देऊन सरकली. तो मधोमध बसला आणि बघत राहिला. भिंतीवरच्या माणसाने आईची नखं कापली, तिला कुशीवर वळवलं, उशी फिरवून तिची थंड बाजू वर घेतली. उशीची थंड बाजू आईला लागते, हे दादाला माहीतच नव्हतं.

धाकटी दाराशी उभी होती. त्याने तिला कोपऱ्यात गाठलं.

"हा काय खेळ मांडलायस? कोण नट आणलास?"

"मी काहीही आणलेलं नाही, दादा. एक क्षणही जोडलेला नाही. नुसतं कापलंय."

"मी तिथे कधी गेलो नव्हतो!" त्याचा आवाज चढला, आणि लोक वळून बघायला लागले तसा तो खाली आला. "मी रोज बघायचो. खुर्ची रिकामी असायची."

"तुझ्या फोनवर असेल."

"आणि तू? तुला कधीच विचित्र वाटलं नाही?"

"वाटलं. मी एकदा आईला विचारलंसुद्धा." धाकटीने भिंतीकडे नजर लावली. बोलताना तिचा चेहरा जराही बदलला नाही. "म्हणाली, राहू दे गं. तो दादा नाहीये, कळतं मला. पण कुणीतरी येतंय ना."

दादा बाकावर येऊन बसला. भिंतीवर दुपार कलली होती. आई उशांना टेकून बसली होती आणि तो माणूस तिचे केस विंचरत होता. मग तिने मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. खिडकीतून कुणी परका डोकावताना दिसावा, तसं. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाली. माणसाने फणी खाली ठेवली, खांद्यावरचा पंचा काढला आणि तो पुढे आला. त्याचा चेहरा वाढत वाढत भिंतभर झाला. त्यात राग नव्हता, ओळखही नव्हती. त्याने पंचा झटकला आणि कॅमेऱ्यावर टाकला.

दालनात अंधार झाला नाही. कापडातून खोलीतला उजेड झिरपत होता, आणि त्या उजेडात दोन सावल्या अगदी निवांत एकमेकींशी बोलत होत्या.