उघडलीच आहे तर

गाडीच्या पंपातलं रबर गेलं होतं. एवढंच. हे शहाणपण मला मागून सुचलेलं नाही. बाबांनी ते पहिल्याच दिवशी, बॉनेट उघडायच्याही आधी सांगितलं होतं.

"पेट्रोल वर चढत नाहीये. पंपातलं रबर कडक झालं असणार. ते बदल, नवी बॅटरी घाल, निघेल ती."

आई गेल्यापासून सहा वर्षं गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये झाकून उभी होती. त्याआधी बाबांनी ती तीस वर्षं चालवली होती. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की परवान्यासाठी यंदा सही देतो, पुढच्या वर्षी मागायला येऊ नका. म्हणून बाबांना ती एकदा चालवायची होती. पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. "तू आईच्या जागी बाजूला बसायचं, आणि तिच्यासारखं 'हळू, हळू' करायचं नाही," ही त्यांची अट.

मी बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस आहे. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवायचा, याचाच मला पगार मिळतो. वीस वर्षांत ही खोड हाडीमाशी खिळली आहे. नवऱ्याने भाजी चिरली आणि तुकडे सारखे नसले की मी बोलते. मग तो चार दिवस चिरत नाही, जे त्याला हवंच असतं.

तर मी पंप काढला. तो काढताना कार्बोरेटरकडे लक्ष गेलं. आत डिंकासारखा गाळ साचला होता. उघडलीच आहे तर तोही साफ करू म्हटलं. मग ब्रेकच्या नळ्या दिसल्या, त्या चिरलेल्या. उघडलीच आहे तर त्याही बदलू. मग पायाखालची चटई उचलली. पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर तो आरपार गेला आणि खालची फरशी दिसली.

"मी दहा वर्षं तशीच चालवलीय," बाबा म्हणाले. "फळी टाक त्याच्यावर. पुलापर्यंत जायचंय, जगाच्या टोकाला नाही."

"बाबा, असं कसं चालेल?"

"चालत होतं गं. तेच तर सांगतोय."

मी ऐकलं नाही. पत्रा कापायचा तर सीट काढायला हव्यात, सीट काढल्या तर दारं, आणि एवढं मोकळं झाल्यावर इंजिन का सोडायचं? ते साखळीने वर उचललं आणि रिबोअर करायला, म्हणजे झिजलेले सिलिंडर नव्याने कातून घ्यायला, वर्कशॉपात पाठवून दिलं. कामाला फाटे फुटत गेले आणि गाडी घरात पसरत गेली. पुढचा बंपर जेवणाच्या टेबलाखाली, दारं आमच्या झोपायच्या खोलीत भिंतीला टेकवून, बॉनेट बाबांच्या पलंगाशी. बाथरूममधल्या बादलीत रॉकेल आणि रॉकेलात नटबोल्ट. "या घरात अजून न उघडलेला मीच एकटा राहिलोय," नवरा म्हणाला. "माझ्यावर लक्ष ठेवून आहेस ना?"

मी प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधत होते आणि मला मजा येत होती. खोटं कशाला बोलू, गेल्या कित्येक वर्षांत मी इतकी खूश नव्हते.

रोज मी कामावरून आले की बाबा गॅरेजमध्ये लाकडी खोक्यावर बसलेले असायचे. किल्ली खिशात. "या रविवारी?" ते विचारायचे. "पुढच्या," मी म्हणायचे. रविवार मोजणं त्यांनी कधी सोडलं, मला सांगता येणार नाही.

एके संध्याकाळी त्यांनी कमरेचा पट्टा माझ्यापुढे धरला.

"तुझं ड्रिल चालूच आहे, तर याला एक भोक पाड. पँट थांबत नाही अंगावर."

मी व्हर्नियर घेतलं, आधीच्या भोकांमधलं अंतर मोजलं, पंचवीस मिलिमीटर, खूण केली आणि भोक पाडलं. अगदी रेषेत. बाबांनी पट्टा डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि म्हणाले, "कंपनीचंच वाटतंय." मला बरं वाटलं. दीड महिन्याने त्यांनी पुन्हा पट्टा आणला. पुन्हा मोजून पंचवीसवर भोक पाडलं. त्या आठवड्यात डावं दार चौकटीला लावून बघितलं तर फट एका बाजूला दोन मिलिमीटर जास्त होती आणि त्या काळजीने माझी झोप उडाली होती.

एक दिवस घरचा जिना चढताना ते मध्येच बसले, तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं. सर्जन माझ्याहून लहान होती. तिने विचारलं, "यांचं वजन कधीपासून कमी होतंय? किती कमी झालंय, काही अंदाज?"

"पन्नास मिलिमीटर," मी म्हणाले.

तिला वाटलं मी गोंधळले आहे. मी गोंधळले नव्हते. मला तारखासुद्धा माहीत होत्या.

तिने पोट उघडलं आणि तासाभरात बाहेर आली. आत सगळीकडे पसरलं होतं. "हात लावण्यात अर्थ नव्हता," ती म्हणाली. "होतं तसं बंद केलं. आता त्यांना घरी न्या आणि त्यांना हवं ते करू द्या." मला तिचा राग आला नाही, हेवा वाटला. उघडल्यावर कुठे थांबायचं हे तिला कळत होतं.

त्यांना काय हवं होतं, हे मला विचारावंही लागलं नाही.

मी रजा टाकली. इंजिन अजून तिकडेच होतं, पत्रा अर्धा कापलेला, वायरिंगचा नुसता गुंता. काहीही केलं तरी दोन महिने. बाबांच्या हातात दोन आठवडे होते. मी गॅरेजच्या फरशीवर बसून हमसून हमसून रडले, मग उठून दोन फळ्या आणल्या आणि बाबांनी सांगितलं होतं तशाच खाली टाकल्या. त्यांच्यावर ड्रायव्हरची सीट ठेवली. दुसऱ्या सीटला फळ्या पुरल्या नाहीत.

नवऱ्याने बाबांना उचलून आणून सीटवर बसवलं. भरदुपार होती. समोर गॅरेजची भिंत, चाकांच्या जागी विटा. बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, खिशातून किल्ली काढली, लावली, पण फिरवली नाही. मग सवयीने उजवा हात दार ओढायला बाहेर गेला आणि हवेतच राहिला.

"दार लाव गं," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी वरच्या खोलीतून ते दार उतरवून आणलं. बिजागऱ्या कुठल्या तरी डब्यात होत्या, चिठ्ठी बांधून. मी दार चौकटीत बसवलं आणि बाहेरून दोन्ही हातांनी दाबून धरलं. नवरा बाबांचं पाणी आणायला आत गेला.

बाबांनी कोपर खिडकीवर टेकवलं. समोरच्या भिंतीकडे बघत, मान न वळवता ते म्हणाले, "ते रबर बदलायला किती वेळ लागला असता?"

"अर्धा तास, बाबा."

"हं."

दार जड होतं. पण फट सगळीकडे सारखी होती. तेवढ्यातही मी ती बघितली.

"मग चल ना," बाबा म्हणाले आणि डाव्या बाजूला, जिथे सीट नव्हती, तिथे हात करून दाखवला. "बाहेर काय उभी आहेस? ये, बस."

मला जाता आलं नाही. हात काढला असता तर दार पडलं असतं.