बॉनेटवरचं कुंकू

रुद्रेशनं अंगठा जिभेला लावून ओला केला आणि आमच्या गाडीच्या बॉनेटवर घासला. डाग हलला नाही. त्यानं पुन्हा अंगठा चाटला, पुन्हा घासला आणि तोच हात अप्पांच्या खांद्यावर ठेवला.

"अप्पा, हे पॉलिशनं जायचं न्हाई. अख्खं बॉनेट रंगवावं लागतंय. अठ्ठावीस हजार."

हा रुद्रेश लातूरच्या नांदेड रोडवरच्या त्या यार्डाचा मॅनेजर. शोरूमही त्याच आवारात. तीन वर्षांपूर्वी अप्पांनी तिथूनच गाडी घेतली होती. योजना अशी, की तीन वर्षं हप्ते भरायचे, मग एक मोठा हप्ता भरून गाडी ठेवायची, नाहीतर ती धड अवस्थेत परत करून मोकळं व्हायचं. अप्पांचं पेंडीचं दुकान यंदा थंड होतं, म्हणून परत करायचं ठरलं. मला त्यातलं एकच हवं होतं, काही बाकी नसल्याचं पत्र. हैदराबादला एम.एस्सी.ला माझा प्रवेश झाला होता, आणि अप्पांचं जुनं कर्ज मिटल्याचं पत्र दाखवल्याशिवाय बँक माझ्या शिक्षणाच्या कर्जाला हात लावत नव्हती. मुदत उद्यापर्यंत होती.

बॉनेटवरचा डाग फिकट गुलाबी होता. स्वस्तिकाचा. गाडी घेतली त्या दिवशी आईनं काढलेल्या.

"हौस लई," अप्पा आईकडे न बघताच म्हणाले. "बोटभर लावायचं तिथं वंजळभर लावलंस. घे आता, अठ्ठावीस हजाराचं कुंकू."

"मी काय मनानं लावलं का?" आई म्हणाली. "ताट त्यांचं, कुंकू त्यांचं. शोरूमची ती पोरगीच म्हणली, ओलं करून लावा, फोटोत उठून दिसतंय. आठ दिवस पुसू नका म्हणली, शुभ असतंय."

रुद्रेश हसला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, दातांत सुपारी. "सांगणाऱ्याचं काय जातंय वहिनी? हात तर तुमचाच ना? अप्पा, एवढंच लिहून द्या, घरच्या बाईच्या निष्काळजीपणानं डाग पडला. मी वर बोलून दोन हजार कमी करून आणतो. शेवटी आपलीच माणसं."

अप्पांनी पेनसाठी हात पुढे केलाही.

"थांबा," मी म्हटलं. "मी आलेच."

मला आधी डागाचं कुतूहल होतं, भांडणाचं नंतर. हळद आणि चुन्याचं कुंकू तीन वर्षं उन्हात टिकत नाही, हे मला माहीत होतं. मग हे कशाचं? परत आलेल्या गाड्या पत्र्याच्या शेडखाली ओळीनं उभ्या होत्या. मी एकेकीच्या बॉनेटवर मोबाइलची बॅटरी तिरपी धरून बघत गेले. पहिल्या गाडीवर स्वस्तिक होतं. दुसरीवर ओम. तिसरी गडद निळी होती, तिच्यावर काही दिसेना, पण वाकून पाहिल्यावर पाच बोटं दिसली. एकीवर स्वस्तिकाचे पाय उलटे वळवून मग सुधारलेले. खुणा निराळ्या, रंग एकच. प्रत्येक काचेवर चिठ्ठी होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलं होतं, बॉनेट रंगकाम. मी फोटो काढत गेले.

ओळीच्या शेवटी मांडव होता. तिथे एक जुनी गाडी नव्या मालकाला देणं चालू होतं. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, कॅमेरावाला. नव्या मालकीणबाई ताट घेऊन उभ्या. मेणानं चकाकवलेल्या बॉनेटवर मी तिरपं पाहिलं, तर खाली जुनं स्वस्तिक तसंच होतं. रंगकाम कोणीच केलं नव्हतं. शोरूमची पोरगी हसून सांगत होती, "ओलं करून लावा काकू. आठ दिवस पुसू नका, शुभ असतं."

मी ताटातलं दुसरं लिंबू उचललं, नखानं फोडलं आणि वाटीतल्या कुंकवात पिळलं.

"ओ ताई, काय करायलाव?" पोरगी ओरडली.

खरं कुंकू आंबटानं पिवळं पडतं. हे पडलं नाही. गुलाबीचं आणखी गुलाबी होऊन वाटीभर पसरलं आणि माझ्या नखाखाली शिरलं.

रुद्रेश धावतच आला. त्याला मी कुंकवाचं सांगितलं, न रंगवलेल्या बॉनेटचं सांगितलं, फोटो दाखवले. तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेत ऐकत राहिला, मग आम्हा तिघांना केबिनमध्ये घेऊन गेला.

"अप्पा, पोरगी लई हुशार हाय तुमची," तो म्हणाला. "चहा घ्या. तुमचं बॉनेट माफ. पत्र आत्ता काढतो. फक्त ते फोटो तेवढे काढून टाका, बेटा. घरातली गोष्ट घरात."

"काढंल की, काढंल," अप्पा खुशीत म्हणाले. "हिला लहानपणापासनं हरेक गोष्ट तपासायचा नादच हाय."

पत्र निघालं. रुद्रेशनं ते टेबलावर ठेवलं आणि शिक्का आणायला माणूस पाठवला. चहावर साय धरली होती. साईवर एक माशी फिरत होती. मी पत्रावरचं अप्पांचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. फोटो मी अजून पुसले नव्हते, पण शिक्का बसला असता तर पुसले असते.

बाहेर आवाज चढला. मुखेडहून आलेलं जोडपं होतं, श्रीमंतराव आणि केवळाबाई. पांढरी गाडी परत द्यायला आले होते. केवळाबाई पदराचं टोक थुंकीनं ओलं करून बॉनेट घासत होत्या.

"आता घासून काय उपेग?" श्रीमंतराव सगळ्यांदेखत बोलत होते. "अक्कल गहाण ठिवली व्हतीस का तवा?"

"चुकलं माझं," केवळाबाई घासत म्हणाल्या. "माझ्याच हातानं झालं."

रुद्रेश दारातूनच ओरडला, "अठ्ठावीस हजार, काका! पण लिहून देत असाल तर दोन हजार कमी करतो." मग आमच्याकडे वळून त्यानं डोळा मारला.

मी उठले नाही. उठली ती आई.

"नीला, बस खाली," अप्पा आईला दबक्या आवाजात म्हणाले. "शिक्का बसू दे."

आई बसली नाही. बाहेर जाऊन तिनं केवळाबाईंच्या हातातून तो ओला पदर सोडवला.

"बाई, पुसू नका. ह्यात तुमचा हात न्हाई. कुंकूच खोटं हाय ह्यांचं. माझ्या पोरीनं लिंबू पिळून बघितलं. आत्ता आमचं माफ केलं ह्यांनी, तोंड बंद ठिवायला. इचारा की त्यांना."

रुद्रेशचा चेहरा पहिल्यांदाच बिनहसण्याचा दिसला. त्यानं टेबलावरचं पत्र उचललं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि किल्ली फिरवली.

"असं असतंय वहिनी," तो म्हणाला. "मग आता कायद्यानं जाऊ. आठ-पंधरा दिवस लागतील."

"पोरीचं वर्ष घालवलंस!" अप्पा आईवर ओरडले. मग माझ्यापुढे हात धरला. "फोन दे इकडं. फोटो पुसून टाकतो, हात जोडतो त्याला. दे लवकर."

आईनं माझ्याकडे पाहिलं.

मी बाहेर गेले आणि फोन केवळाबाईंना दिला. बोटानं कसं सरकवायचं ते दाखवलं. त्या एकेक बॉनेट बघत गेल्या. श्रीमंतराव मागून वाकून बघायला लागले, मग मांडवातल्या त्या नव्या मालकीणबाईही ताट खाली ठेवून आल्या.

"ह्या कुणाच्या गाड्या?" केवळाबाईंनी विचारलं.

"ज्यांनी लिहून दिलं त्यांच्या," मी म्हटलं.

श्रीमंतरावांनी सहीसाठी काढलेलं पेन परत खिशाला लावलं आणि बायकोला म्हणाले, "जरा सरक तिकडं, मला बी नीट बघू दे."